मोठ्या माणसाला कुठे मारायचं

आमच्या बॉक्सिंग क्लबात आता पोरांना ठोसा शिकवण्याआधी ओरडायला शिकवतात. शिकवते मी. शेजारच्या शिंप्याने तक्रार केली की बाई, तुमच्या पोरांच्या किंकाळ्यांनी माझी गिऱ्हाइकं पळतात. मी म्हटलं, गिऱ्हाइकं तुमच्या शिलाईने पळत असतील, उगाच पोरांच्या नावावर बिल फाडू नका.

रोज सराव सुरू व्हायच्या आधी मी पोरांना रिंगच्या कडेला बसवते आणि स्वतः 'अनोळखी' होते. हातात फोन धरल्यासारखं करून गोड आवाज काढते. "अय्या, किती मस्त खेळतोस रे! मीपण तुझ्याच वयाची आहे. आपण रोज बोलू या. पण घरी सांगू नको हं, मोठ्यांना काही कळत नाही." पोरं खिदळतात, कारण माझं नाक तीनदा मोडलेलं आहे आणि 'अय्या' मला कणभरही शोभत नाही. हसू देते त्यांना. हसता हसता एखादी विचारतेच, "पण आत्या, ती खरंच चांगली असली तर?" मग मी हसणं बंद करते. चांगली असेल तर तुझ्या घरच्यांपासून लपते कशाला? आज फोटो मागून उद्या त्याच फोटोची धमकी देते कशाला?  मग मी म्हणते, आता सगळे उठा आणि छाती फुटेस्तोवर ओरडा. आणि शिंप्याची गिऱ्हाइकं पळतात.

क्लबात सगळेच मला आत्या म्हणतात, पण खरी आत्या मी एकाच पोरीची. माझ्या थोरल्या भावाची मुलगी. बुटकी, टणक, कुठेही आपटली तरी न फुटणारी, म्हणून तिला आम्ही गोटी म्हणतो. ही ओरडण्याची तालीम तिच्यामुळे सुरू झाली. तिच्याबाबतीत जे झालं ते मी पोरांच्या आईबापांना सांगते, तसंच तुम्हाला सांगते. पोरांना हसवून सांगता येतं. मोठ्यांना सांगताना माझ्या डोक्यात तिडीक जाते, तेवढं सांभाळून घ्या.

क्लब दादाचा. कोचही तोच. खाली रिंग आणि ठोसे मारायच्या लोंबत्या बॅगा, वरच्या मजल्यावर आम्ही तिघं. गोटीची आई ती लहान असतानाच आजारपणात गेली. तेव्हापासून दादा तिला वाढवतो आणि मी तिला जेवायला घालते. लढतीच्या वेळी मी कोपऱ्यात असते. दोन फेऱ्यांच्या मध्ये जो मिनिटभर वेळ मिळतो, त्यात सुजलेल्या जागी बर्फ दाबायचा, भुवईवर व्हॅसलीन चोपडायचं, नाकात कापूस कोंबायचा आणि खेळणाऱ्याला परत मधे ढकलायचं, हे माझं काम.

दादाचा एक नियम आहे आणि रिंगमध्ये तो शंभर टक्के बरोबर आहे. लागलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. समोरच्याला एकदा कळलं की तुला कुठे दुखतंय, की तो तिथेच मारत सुटतो. गोटीला त्याने हे अक्षरशः ठोकून ठोकून शिकवलं. तिच्यापेक्षा डोकंभर उंच पोरांसमोर तो तिला उभी करायचा. डोळ्यात पाणी आलं की स्वतः हातात पॅड घालायचा आणि ते पाणी आटेपर्यंत तिला मारत रिंगभर फिरवायचा. "रडतेस? मग घे अजून एक." बारा वर्षांची होईपर्यंत पोरगी अशी तयार झाली, की पोटात ठोसा बसला तरी बसस्टॉपवर उभी असल्यासारखा चेहरा करायची. बघायला आलेले लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्यात.

आणि दादाचा हात क्लबापुरता कधीच नव्हता. एकदा एका ड्रायव्हरने गोटीच्या सायकलला धक्का दिला आणि वर तिलाच शिवी हासडली. दादाने त्याला खिडकीतून ओढून बाहेर काढला आणि फुटपाथवर त्याचे पुढचे दात पाडले. एक रात्र कोठडीत बसून आला. पुढच्या वेळी सुटणार नाहीस आणि क्लबलाही कुलूप लागेल, असं सुनावून पोलिसांनी सोडला. घरी येऊन गोटीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो कसा, "कुणी त्रास दिला तर फक्त मला येऊन सांग. जिता ठेवणार नाही त्याला." त्याला वाटलं, पोरीला केवढा आधार दिला. पोरगी मात्र त्याच्या शर्टावरच्या रक्ताकडे बघत होती. आपण तोंड उघडलं की कुणाचे तरी दात पडतात आणि पप्पांना पोलीस नेतात, एवढंच ती त्यातून शिकली.

आता डावरीबद्दल. हे सगळं आम्हाला मागाहून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते.

गोटी फोनवर बॉक्सिंगचा एक गेम खेळायची. त्यात खेळता खेळता समोरच्याशी गप्पा मारता येतात. तिथे तिला 'डावरी' भेटली. चौदा वर्षांची, लांबच्या शहरातली, गोटीसारखीच डाव्या हाताने खेळणारी. तिचेही वडील कोच, तेही कडक. गोटीच्या शाळेत कुणाला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही, आणि क्लबात तेव्हा सगळे मुलगे. पोरीला जीव की प्राण मैत्रीण मिळाली. डावरी तिला गेममधले महागडे ग्लोव्हज भेट द्यायची. मग म्हणाली, इथे नको, दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू, तिथे मेसेज आपोआप पुसले जातात. मग म्हणाली, कुणाला सांगू नको, माझे पप्पा मला मारतील. मग म्हणाली, माझ्या अंगावर बघ किती वळ आहेत, आणि कुठल्या तरी पोरीच्या दंडाचा फोटो पाठवला. तुझे दाखव ना. गोटीने खांद्याचा, बरगडीचा, सुजलेल्या अंगठ्याचा फोटो पाठवला. कुणी मारलं? पप्पांनी. आणि हे? हेपण.

मग एक दिवस डावरीची भाषाच बदलली. मी कोण ते सोड. फोटो माझ्याकडे आहेत, आणि पप्पांनी मारलं हे तूच लिहिलंयस. पोलिसांना पाठवले तर तुझ्या बापाला आत टाकतील, क्लबला कुलूप लागेल, आणि हे सगळं तुझ्यामुळे होईल. सुट्टीच्या दिवशी मी सांगतो तिथे एकटी यायचं.

सांगतो! तेव्हा तिला कळलं की डावरी मुलगी नाही. पण पोरगी कुणाला सांगणार? बापाला सांगावं तर तो खून करून तुरुंगात जाणार. नाही सांगावं तर तो माणूस फोटो देणार आणि बाप तुरुंगातच जाणार. बारा वर्षांच्या डोक्याने तिने त्यातून वाट काढली. जायचं, त्या माणसाला खाली पाडायचं, त्याचा फोन घ्यायचा आणि फोडून टाकायचा.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने बॅगवर सराव करता करता विचारलं, "पप्पा, मोठ्या माणसाला एका ठोशात पाडायचं तर कुठे मारायचं?"

दुसऱ्या कुठल्याही घरात असं विचारल्यावर जेवणारा माणूस घास खाली ठेवेल. कोण मोठा माणूस, कशाला पाडायचा, झालं काय, असे दहा प्रश्न येतील. आमच्या घरात बापाचा चेहरा अभिमानाने फुलला.

"उजव्या बरगडीच्या खाली," दादा म्हणाला. "तिथे लिव्हर असतं. तू डावरी, तुझ्यासाठी तर बनवलेली जागा आहे. कितीही मोठा असू दे, पाय लटपटणार."

डावरी हा शब्द ऐकून पोरगी दचकली असणार, पण चेहऱ्यावर काही दिसलं तर शपथ. तिने मारून दाखवला. मी कापूस गुंडाळत बसले होते. मी म्हटलं, "कोपर बाहेर जातंय गं. अंगाला चिकटव." तिने चिकटवलं. पुन्हा मारला. बॅग कण्हल्यासारखी हलली. "आत्ता कसं!" मी म्हटलं. आम्ही दोघं शहाणे तिचं कोपर सुधारत बसलो.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती म्हणाली, मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. मी औषधाच्या दुकानातून येत होते, तर ती मला रस्त्यात दिसली. एवढ्या उन्हात अंगात जॅकेट आणि दोन्ही हात खिशात. रस्ता ओलांडताना एक हात बाहेर आला आणि मला मनगटावरची पट्टी दिसली. लढतीआधी हाताला गुंडाळतात ती. मी गुंडाळली नव्हती, म्हणजे तिने स्वतःच गुंडाळली होती. मला हसूच आलं. शाळेतल्या कुठल्या तरी भवानीशी हिची जुंपलीय, मी मनात म्हटलं. हाक मारायला हवी होती की नको? मी नाही मारली. कोपर चिकटवते की नाही ते बघू म्हणून गंमत बघायला मागोमाग गेले.

फर्निचरच्या एका मोठ्या गोदामामागे गाड्या लावायची जागा आहे. पुढच्या बाजूला लोक ट्रॉल्यांवर गाद्या आणि कपाटं लादत असतात, मागे शुकशुकाट. तिथे एक राखाडी गाडी उभी होती. गोटी सरळ तिच्याकडे गेली. दार उघडून चष्मा लावलेला, इस्त्रीच्या शर्टातला, दादाच्या वयाचा एक माणूस उतरला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.  हातातली पिशवी तिथेच पडली.

मी हाक मारायच्या आत गोटीने डावा मारला. बरगडीखाली, अगदी शिकवला तसा, कोपर अंगाला चिकटवून. माणूस वाकला, त्याचा एक गुडघा जमिनीला टेकला, चष्मा उडाला. तिने त्याच्या शर्टाच्या खिशातला फोन ओढला आणि खाली आपटला. उचलून पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा त्याने तिचा पाय धरला.

मोठा माणूस तो मोठाच. बॅगेला हात नसतात, ह्याला होते. त्याने झटका देऊन तिला तोंडावर पाडलं. ओठ सिमेंटच्या कडेवर आपटून फाटला. ती उठायला लागली तशी तो तिच्या पाठीवर गुडघा देऊन बसला, तिचा डावा हात धरून मागे पिरगाळला आणि पिरगाळतच राहिला. मनगट मोडल्याचा आवाज मला पळता पळता ऐकू आला. गोटी ओरडली नाही. तिच्या तोंडातून हूं की चूं नाही. त्याने तिला कमरेला धरून उचललं आणि मागच्या सीटवर फेकलं.

मी पोहोचले. धाप लागली होती, जुना दुखावलेला गुडघा साथ देत नव्हता, पण मुठी होत्या. मागून कॉलर धरून त्याला वळवला आणि नाकावर एक ठेवून दिली. त्याने माझे केस धरून माझं तोंड गाडीच्या टपावर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा भुवई फुटली आणि एका डोळ्याने दिसायचं बंद झालं. त्याचा एक हात गाडीच्या दाराच्या चौकटीवर होता. तेवढं मला दुसऱ्या डोळ्याने दिसलं. मी होतं नव्हतं तेवढं सगळं वजन टाकून दार लोटलं.

त्याची बोटं आत राहिली. तो गुरासारखा ओरडला. मी दार उघडलं आणि पुन्हा लोटलं.

त्या ओरडण्याने माणसं धावत आली. गोदामातले दोन हमाल, मागोमाग ट्रॉलीवर गादी घेतलेली एक बाई. आता तुम्ही माझ्याकडे त्यांच्या डोळ्यांनी बघा. मोडक्या नाकाची, रक्ताने माखलेली धिप्पाड बाई एका सभ्य माणसाची बोटं दारात चेचतेय. आणि तो हात छातीशी धरून रडतोय, "वाचवा! ही बाई वेडी आहे! माझ्या मुलीला पळवतेय!"

हमालांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं. मी सांगायला गेले, पण तोंडात दाताचा तुकडा आणि रक्त, शब्द धड फुटेना. एकाने मागून गळ्याभोवती हात आवळला. मी त्याला कडकडून चावले. मग तर त्यांची खात्रीच पटली. मला खाली पाडून एक जण पाठीवर बसला.

त्या माणसाने तेवढ्यात शर्ट नीट केला. खरंच सांगते, फुटलेल्या बोटांनी शर्ट नीट केला. "बाळा, घाबरू नको, पप्पा आहेत ना," असं गाडीत बघून म्हणाला आणि चालवायच्या जागी जाऊन बसला. ट्रॉलीवाल्या बाईला कसलीशी शंका आली असावी. ती मागच्या खिडकीशी वाकली आणि म्हणाली, "बाळ, हे तुझे वडील आहेत का गं?"

त्याने मान वळवून गोटीकडे बघितलं आणि, हे गोटीने मागाहून सांगितलं, हळूच एकच शब्द म्हणाला, "फोटो."

गोटीच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं, हात उलटा लोंबत होता आणि चेहरा कोरा करकरीत. आम्ही मेहनतीने बनवलेला चेहरा. तो बघून कोण म्हणेल की ह्या पोरीला पळवून नेतायत? मी खालून ओरडत होते, "गोटे, बोल! अगं बोल ना, माझे आई!" गळ्यावरचा हात आणखी आवळला आणि माझा आवाज बंद झाला. श्वासही बंद झाला. गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. माझे पाय आपोआप झाडले जात होते आणि मला वाटलं, संपलं. आता ही गेली. ह्या माणसांच्या डोळ्यांदेखत गेली आणि हेच मला धरून बसलेत.

तेव्हा ती ओरडली.

"सोडा तिला! मरेल ती! माझी आत्या आहे ती!" आणि मग घसा फाडून, "हा माझा कुणी नाही! मी ह्याला ओळखत नाही! मला नेतोय हा!"

गोदामाच्या भिंतींवरून तो आवाज परत आला. पोरीला एवढा आवाज आहे हे तिच्या जन्मापासून मला माहीत नव्हतं.

ट्रॉलीवाल्या बाईने एका क्षणाचाही विचार केला नाही. तिने गादीसकट ट्रॉली गाडीसमोर ढकलली. गाडी तिच्यावर आदळून थांबली. माझ्या पाठीवरचा हमाल उठला आणि त्याने खिडकीतून हात घालून त्या माणसाला अर्धा बाहेर खेचला. काच खाली नव्हती, फोडावी लागली. मग त्याला जो चोपला म्हणता! पोटात लाथा, तोंडावर लाथा. तो हातांनी डोकं झाकायचा तर हातांवर लाथा. मीही उठून दोन लगावल्या. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. शेवटी ज्याला मी चावले होते तोच हमाल मधे पडला. "बास, मरेल. मेला तर त्याला काही विचारता येणार नाही." शहाणा माणूस. मी नंतर त्याच्या हाताला स्वतः पट्टी बांधली.

गोटीने फोडलेल्या फोनमधून पोलिसांना काही मिळालं नाही, पण सीटखाली आणखी एक फोन होता. त्यात डावरी होती, आणि डावरीसारख्या आणखी चार खोट्या मुली होत्या, आणि त्यांच्याशी बोलणारी कितीतरी खरी पोरं होती. पोलीस बाईंनी मला सगळं दाखवलं नाही. जेवढं दाखवलं तेवढं बघून मीच म्हटलं, बास.

दवाखान्यातून प्लास्टर आणि टाके घालून आम्ही पोलिसांच्या खोलीत आलो, तोवर दादा तिथे पोहोचला होता. टेबल, चार खुर्च्या, लोखंडी कपाट. पोलीस बाई शांतपणे गोटीला विचारत होत्या आणि लिहून घेत होत्या. "त्याने तुला तिथे यायला का सांगितलं?"

गोटी गप्प.

"कुठाय तो?" दादा म्हणाला. "मला फक्त पाच मिनिटं द्या."

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या.

"बसा काय? माझ्या पोरीचा हात मोडला त्याने!" त्याने कपाटावर ठोसा मारला. पत्रा आत गेला आणि सगळी खोली दणाणली. "तो सुटेल ना, त्या दिवशी मी बाहेर उभा असेन. फाशी झाली तरी बेहत्तर!"

मी गोटीकडे बघत होते. ठोसा बसला तेव्हा तिची मान इतकीशी खांद्यात गेली आणि चेहरा पुन्हा कोरा झाला. मोडलेलं मनगट, फाटलेला ओठ, सगळं त्या चेहऱ्यामागे गेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"दादा," मी म्हटलं, "तिला घाबरवणं बंद कर."

"मी? मी तिला घाबरवतोय?"

"ती कुणाला बघून गप्प झाली ते बघ ना एकदा! त्या माणसाला बघून नाही, तो इथे नाहीये. बस खाली. आणि ते हात दिसायला नकोत मला. बस त्यांच्यावर."

मला वाटलं, आता माझ्या कानाखाली वाजणार. वाजली असती तर मीही ठेवून दिली असती, इतकी मी पेटले होते. पण त्याने गोटीकडे पाहिलं.  मग खुर्ची ओढून बसला आणि शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात मांडीखाली सरकवले.

मग गोटी बोलली. टाक्यांमुळे हळूहळू, पण सगळं बोलली. गेम, ग्लोव्हज, पुसले जाणारे मेसेज, फोन फोडायचा बेत. दादाच्या मानेची शीर उडत होती, पण हात हलले नाहीत.

"मग त्याने फोटो मागितले," बाई म्हणाल्या. "कसले फोटो?"

गोटीने खाली बघितलं. इथे येऊन गाडी अडली. पोरगी बापाला वाचवायला निघाली होती आणि आता लेखणी घेऊन समोर खुद्द पोलीसच बसले होते.

"असेच," ती म्हणाली.

दादाचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक निघाला. "तू त्याला एवढं सगळं कसं सांगितलंस गं? मला नाही सांगितलंस. आत्याला नाही सांगितलंस."

गोटीने मान वर केली. "त्याने विचारलं, दुखतंय का म्हणून," ती म्हणाली. "मी म्हटलं नाही. तर म्हणाला, खरं सांग. मग मी सांगितलं." तिने नाक ओढलं. "आधी कुणी विचारलं नव्हतं."

मी जिच्या अंगावर रोज बर्फ दाबला, तिने हे माझ्यासमोर सांगितलं. 

"आत्ता दुखतंय?" दादाने विचारलं.

"हो."

"कुठे?"

तिला वाटलं असेल, खरंच विचारतोय. तिने चांगल्या हाताने दाखवायला सुरुवात केली. प्लास्टर. ओठ. मग शर्टाची बाही वर करून खांदा. मग बरगडी. मग अंगठा, ज्याचं नख अजून काळं होतं. आणि दाखवता दाखवता तिचा चेहरा मोडला आणि ती लहान मुलं रडतात तशी भोकाड पसरून रडायला लागली. पोलीस बाईंचा हात प्लास्टर आणि ओठ लिहून थांबला होता. त्या दादाकडे बघत होत्या.

दादा हातांवर बसूनच होता.

"खांद्यापासून पुढचं माझं आहे, मॅडम," तो म्हणाला. "तेही लिहा."